शेवटचा हप्ता, पहिली बचत: आयएमएच्या ज्येष्ठांना एका भूलतज्ज्ञाचं खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि सर्व ज्येष्ठ सभासद,
इंडियन मेडिकल असोसिएशन, महाराष्ट्र राज्य शाखा

आदरणीय सर, मॅडम,

सविनय नमस्कार.

1 जुलैला, डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्या जयंतीच्या दिवशी, आमच्या शाखेत सत्तरी ओलांडलेल्या डॉक्टरांचा सत्कार होतो. यंदाही झाला. शाल, श्रीफळ, फोटो. सत्काराला उत्तर देताना एक सर्जन सर म्हणाले, "डॉक्टर कधी रिटायर होत नाही." सभागृहात टाळ्या झाल्या, मीही वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला त्याच सरांच्या ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) मी हर्नियाच्या पेशंटला स्पायनल, म्हणजे पाठीतून भूल, दिलं. सर 73 वर्षांचे आहेत. शेवटचे टाके घेताना नीडल होल्डरमधून सुई दोनदा निसटली. सिस्टरनं एक शब्द न बोलता ती पुन्हा धरून दिली. ऑपरेशन व्यवस्थित झालं, पेशंट तिसऱ्या दिवशी घरी गेला. पण हात धुताना सर माझ्याकडे न बघता म्हणाले, "गुडघे बोलायला लागलेत गं आता. पण थांबून कसं चालेल?" आणि मग नळ बंद करून, "तू काही बाजूला टाकतेस का दर महिन्याला?"

मला उत्तर देता आलं नाही. तेव्हा मी 38 वर्षांची होते आणि माझ्या शैक्षणिक कर्जाचा शेवटचा हप्ता भरून चार महिने झाले होते. बाजूला टाकलेलं असं काही नव्हतंच. त्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता हे पत्र झालं आहे. सरांबद्दल जे लिहिलंय ते त्यांना वाचून दाखवून, त्यांच्या परवानगीनं लिहिलंय.

आधी माझा हिशेब मांडते, कारण असे हिशेब आपल्यात कुणी मांडत नाही. माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. 2005 मध्ये मला खासगी कॉलेजात एमबीबीएसला प्रवेश मिळाला. पाच वर्षांत मिळून 12 लाखांचं कर्ज काढलं, 12 टक्के व्याजानं. तारण म्हणून राहतं घर दिलं. उताऱ्यावर बँकेचा बोजा चढला तो दिवस मला आठवतो, कारण आईनं त्या दिवशी उतारा देवघरात ठेवला होता. शिक्षण चालू असताना हप्ता नाही, फक्त सरळ व्याज लागतं, एवढंच आम्हाला समजलं होतं. त्या व्याजाचं पुढे काय होतं हे कुणी विचारलं नाही आणि बँकेनंही समजावलं नाही. साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम आणि वर एक वर्ष अशी सवलतीची मुदत संपली, तेव्हा 12 लाखांचे साडेअठरा लाख झाले होते. दहा वर्षांची मुदत, साडेसव्वीस हजारांचा हप्ता.

हप्ता सुरू झाला 2012 मध्ये. त्याच वर्षी मी पीजीला, म्हणजे पदव्युत्तर शिक्षणाला, लागले. त्यासाठी 15 लाखांचं दुसरं कर्ज काढलं होतं. रेसिडेन्सीत हातात पडणारा स्टायपेंड पहिल्या कर्जाच्या हप्त्यापेक्षाही कमी होता. मग हप्ता भरला कुणी? वडिलांनी. ते त्याच वर्षी 58 पूर्ण होऊन निवृत्त झाले. ग्रॅच्युइटीची रक्कम आली, भविष्य निर्वाह निधी आला, आणि ती सगळी रक्कम पुढच्या तीन वर्षांत माझ्या हप्त्यांत गेली. त्यांना जुनी पेन्शन आहे म्हणून घर चाललं. माझ्या डिग्रीमागे वडिलांच्या निवृत्तीचा पैसा आहे हे मला तेव्हाही कळत होतं. स्वतःच्या निवृत्तीचा पैसाही त्याच वर्षांत जातोय, हे मात्र कळत नव्हतं.

धाकटा भाऊ पॉलिटेक्निक करून 21व्या वर्षी चाकणच्या एका कारखान्यात लागला. घरात त्याचं कौतुक कमी झालं, माझं जास्त. गेल्या दिवाळीत त्यानं सहज मोबाइलवर पीएफचं पासबुक उघडून दाखवलं. नऊ लाखांच्या वर शिल्लक होती. त्यानं त्यासाठी वेगळं काहीच केलं नव्हतं. पगारातून कापलं गेलं, मालकानं आपला वाटा घातला, वर्षाला व्याज जमा झालं, बस. शिवाय त्याची पेन्शनची सेवा मोजली जातेय ती वेगळीच. मी त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त कमावते. पण माझ्या नावावर असं एकही पासबुक नव्हतं.

इथे थोडं गणित करू द्या. कुणी 24व्या वर्षापासून महिन्याला दहा हजार रुपये बाजूला टाकले आणि त्यावर वर्षाला 8 टक्के मिळाले, तर साठीला सुमारे अडीच कोटी रुपये जमतात. तेच दहा हजार 36व्या वर्षी सुरू केले, तर जमतात सुमारे 87 लाख. मधल्या 12 वर्षांत खिशातून गेले असते फक्त 14 लाख 40 हजार, पण शेवटी फरक पडतो दीड कोटीहून अधिक. आणि महागाई 6 टक्क्यांनी वाढत राहिली, तर आज ज्या घराला 50 हजार पुरतात त्याला 24 वर्षांनी दोन लाख लागतील. डॉक्टरची ही 12 वर्षं म्हणजे इंटर्नशिप, नीट पीजीची तयारी, रेसिडेन्सी, एक वर्षाची सक्तीची सेवा, मग सुपरस्पेशालिटी किंवा दुसऱ्याच्या हॉस्पिटलात उमेदवारी. म्हणजे व्याजावर व्याज चढायला जी वर्षं सगळ्यात मोलाची, त्या वर्षांत ते बँकेच्या बाजूनं चढत असतं.

आजच्या मुलांचं तर याहून अवघड आहे. खासगी कॉलेजात वर्षाला चार लाख धरून पाच हप्त्यांत 20 लाखांचं कर्ज उचललं, व्याज 11 टक्के, तर हप्ता सुरू होईपर्यंत ते जवळपास 30 लाख होतं. दहा वर्षांची मुदत घेतली तर हप्ता 41 हजारांच्या आसपास. पंधरा वर्षांची घेतली तर 34 हजार, पण मग एकूण 61 लाखांच्या वर परतफेड करावी लागते. अभिमत विद्यापीठांच्या फीचे आकडे याच्या कितीतरी पुढचे आहेत, ते इथे मांडतच नाही. फेब्रुवारी 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं खासगी आणि अभिमत कॉलेजांतल्या निम्म्या जागांची फी त्या राज्यातल्या सरकारी कॉलेजाइतकी असावी, असं परिपत्रक काढलं होतं. त्याची अंमलबजावणी व्हावी म्हणून संघटनेनं जोर लावला असता, तर अर्धा प्रश्न मुळाशीच हलका झाला असता.

फीचा विषय मोठा आहे आणि सरकारच्या हातात आहे. मी आज तुमच्याकडे येतेय ते तुमच्या हातात असलेल्या गोष्टींसाठी.

पहिली गोष्ट हप्ता सुरू होण्याच्या तारखेची. 'अभ्यासक्रम आणि वर एक वर्ष' ही चौकट इंजिनिअरिंग किंवा एमबीएच्या मुलाला लागू पडते. तो पदवी घेतो, नोकरीला लागतो, हप्ता भरतो. एमबीबीएस झालेला मुलगा त्या एका वर्षात ग्रंथालयात बसून पीजीचा अभ्यास करत असतो आणि हप्ता सुरू होतो तेव्हा रेसिडेन्सीत 36-36 तासांची ड्युटी करत असतो. काही बँका पीजीला प्रवेश मिळाल्यावर मुदत वाढवून देतात, काही देत नाहीत. ते त्या शाखेच्या मॅनेजरवर, आणि खरं सांगायचं तर वडिलांच्या ओळखीवर अवलंबून राहतं. राज्यातल्या बँकांचा समन्वय करणाऱ्या राज्यस्तरीय बँकर्स समितीचं निमंत्रकपद बँक ऑफ महाराष्ट्रकडे आहे. ती समिती बसते, जिल्हा पातळीवरही बैठका होतात. संघटनेचं एक शिष्टमंडळ त्यांच्यापुढे एवढीच मागणी घेऊन का जाऊ नये, की वैद्यकीय विद्यार्थ्याचा हप्ता पीजी पूर्ण झाल्यावरच सुरू व्हावा, आणि मधल्या काळात ज्याला जमेल त्याला नुसतं व्याज भरायची मुभा व सवलत असावी? मला शिकताना महिन्याला दोन-तीन हजार व्याज भरणं जमलं असतं. वडिलांनी आनंदानं भरलं असतं. साडेसहा लाखांच्या व्याजातला तेवढा भाग तरी मुद्दलात गेला नसता, पण कुणी सांगितलंच नाही.

दुसरी गोष्ट अधिक जवळची आहे आणि ती लिहिताना मला संकोच वाटतो, कारण तुमच्यापैकी अनेकांनी मला काम दिलंय, शिकवलंय.

पीजी झाल्यावर मी एका मोठ्या खासगी हॉस्पिटलात कन्सल्टंट म्हणून लागले. सकाळी आठला हजर, रात्री आठवड्यातून तीन कॉल, रजा विचारून घ्यायची, दुसरीकडे काम करायचं नाही. सगळं नोकरीसारखं. पण महिन्याच्या शेवटी जे मिळायचं त्याला पगार म्हणत नसत, 'प्रोफेशनल फी' म्हणत. दहा टक्के टीडीएस कापून रक्कम खात्यात. पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, बाळंतपणाची रजा नाही. त्याच ओटीतल्या सिस्टरला आणि वॉर्डबॉयला पीएफ होता. मुलगी झाली तेव्हा मी चार महिने घरी होते. चार महिने उत्पन्न शून्य आणि दोन्ही कर्जांचे हप्ते चालू. सिझरचे टाके ओले असताना मी बँकेत फोन करून विचारलं होतं, की हप्ता थोडा पुढे ढकलता येईल का. पलीकडचे गृहस्थ सौजन्यानं बोलले, पण नाही म्हणाले.

त्या हॉस्पिटलचं नाव घेत नाही, कारण ते एकटं नाही. राज्यभर हीच रीत आहे, आणि ती नुसत्या कॉर्पोरेट हॉस्पिटलांत नाही. आपल्या सभासदांच्या 30 खाटांच्या, 50 खाटांच्या हॉस्पिटलांतही आहे. मूळ पगार 15 हजारांच्या वर असलेल्या नव्या माणसाला पीएफमध्ये घेण्याची कायद्यानं सक्ती नाही, हे मला ठाऊक आहे. प्रोफेशनल फीची पद्धत हिशेबाला सोपी पडते आणि डॉक्टरलाही सुरुवातीला हातात जास्त पैसे दिसतात, हेही ठाऊक आहे. मी स्वतः ती खुशीनं स्वीकारली होती. पण पर्याय कुणी समोर ठेवलाच नव्हता. एनपीएसचंच, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेचंच बघा. डॉक्टर पगारावर असेल तर हॉस्पिटलनं त्याच्या एनपीएस खात्यात भरलेल्या रकमेवर, मूळ पगाराच्या 14 टक्क्यांपर्यंत, नव्या करप्रणालीत त्याला वजावट मिळते. तोच डॉक्टर फीवर असेल तर नाही. हॉस्पिटलचा खर्च तेवढाच राहून त्या मुलाचं म्हातारपण उभं राहू शकतं. माझी विनंती एवढीच: संघटनेच्या हॉस्पिटल मालक सभासदांनी पूर्णवेळ काम करणाऱ्या तरुण डॉक्टरला दोन्ही कागद दाखवावेत, पगाराचा आणि फीचा, आणि निवड त्याच्यावर सोडावी.

जे माझ्यासारखे आता गावोगाव फिरून भूल देतात, त्यांची गोष्ट वेगळी. माझ्या गाडीच्या डिकीत लॅरिंगोस्कोपची बॅग कायम असते. सकाळी सांगली, दुपारी तासगाव, रात्री अडीचला विट्याहून सिझरचा फोन. या कामाला पीएफ असणार नाही, ते मला मान्य आहे. पण केस झाल्यावर पैसे वेळेवर मिळावेत. तीन-तीन, चार-चार महिने बिलं अडकतात. मागायला भीड वाटते, कारण समोर सर असतात. माझ्या एका मैत्रिणीची एका वेळी 40 केसची बिलं थकली होती आणि ती क्रेडिट कार्डावर हप्ता भरत होती. नियमित बचत करायची तर आधी नियमित पैसा हातात यावा लागतो. केस झाल्यापासून 30 दिवसांत भूलतज्ज्ञाचं बिल द्यायचं, असा साधा ठराव राज्य शाखेनं केला, तरी कितीतरी जणांची एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडातली दर महिन्याची गुंतवणूक, चुकणार नाही.

सरकारी सेवेतल्या मित्रांबद्दल थोडक्यात. 1 नोव्हेंबर 2005 पासून पुढे लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, मार्च 2023 चा संप त्यावरच झाला. आता निम्म्या पगाराएवढ्या पेन्शनचे पर्याय आलेत. केंद्राच्या योजनेत पूर्ण लाभासाठी 25 वर्षांची सेवा लागते. डॉक्टर सेवेत येतो तोच तिशीत, आणि सुपरस्पेशालिस्ट तर पस्तिशीत. त्याची 25 वर्षं भरतात कधी, हे संघटनेनं एकदा सरकारपुढे मांडायला हवं.

आता तिसरी गोष्ट. हे आपल्याला शिकवत कुणीच नाही. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीसाठी दर पाच वर्षांनी 30 क्रेडिट पॉइंट लागतात. ते मिळवायला मी डझनावारी सीएमईंना, म्हणजे डॉक्टरांच्या प्रशिक्षण सत्रांना, बसले आहे. रीजनल ब्लॉक, डिफिकल्ट एअरवे, सेप्सिस, सगळं ऐकलं. पैशाबद्दल ऐकलं ते फक्त जेवणाच्या वेळी, हॉलबाहेर टेबल मांडून बसलेल्या विमा एजंटकडून. इंटर्नशिपमध्ये मी पहिली पॉलिसी घेतली ती वडिलांच्या ओळखीच्या गृहस्थांकडून. वर्षाला 24 हजारांचा हप्ता, 20 वर्षं मुदत, विमा जेमतेम पाच लाखांचा. डोक्यावर 12 लाखांचं कर्ज, वडील सहकर्जदार, आणि मला काही झालं तर त्यांच्या हातात पाच लाख. त्याच पैशात त्या वयात एक कोटीच्या आसपास नुसता टर्म विमा, म्हणजे फक्त मृत्यूनंतर घरच्यांना रक्कम देणारा विमा, मिळाला असता. हे मला कळलं 33व्या वर्षी, तेही एका पेशंटकडून. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. पित्ताशयाच्या ऑपरेशनला आले होते, आणि डिस्चार्जच्या दिवशी वहीच्या पानावर मला आकडेमोड करून दिली. ते पान अजून माझ्याकडे आहे.

त्यांनीच मला सांगितलं, की शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आयकरात जी सवलत मिळते ती मुद्दलावर नसते, परतफेड सुरू झाल्यापासून आठच वर्षं मिळते, आणि नव्या करप्रणालीत तर मिळतच नाही. माझं पहिलं कर्ज दहा वर्षांचं होतं. त्यातली पहिली तीन वर्षं वडिलांनी हप्ते भरले. त्यांच्या विवरणपत्रात ही वजावट बसत होती, कारण मुलीच्या शिक्षणाचं कर्ज त्यांच्याही नावावर होतं. आम्ही कधी मागितलीच नाही.

त्यांनी दिलेला सल्ला मी इथे लिहिते, कारण हे वाचणाऱ्यांत रेसिडेन्सी करणारी मुलंही असतील. कर्ज पूर्ण फिटेपर्यंत बचत थांबवू नकोस, असं ते म्हणाले. व्याज 11-12 टक्के असेल तर जास्तीचा पैसा आधी कर्जात घाल, तिथे खात्रीनं तेवढे वाचतात. पण कितीही लहान असलं तरी एक खातं आजच उघड आणि चालू ठेव. पीपीएफ (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी) वर्षाला पाचशे रुपये भरूनही जिवंत राहतं, आणि त्याची 15 वर्षं खातं उघडलेलं आर्थिक वर्ष संपल्यापासून मोजली जातात. म्हणजे 25व्या वर्षी उघडलेलं खातं चाळिशीत हाताशी येतं. एनपीएस वर्षाला हजार रुपयांत चालू राहतं. सहा महिन्यांचे हप्ते आणि घरखर्च बँकेत वेगळे ठेव, म्हणजे आजारपणात किंवा बाळंतपणात कुणापुढे हात पसरायला नको. आणि विमा घे तो निव्वळ विमाच घे. त्याबरोबर अपंगत्वाचाही घे, कारण भूलतज्ज्ञाचा मनगटाचा सांधा गेला तर डिग्री भिंतीवर राहते आणि हप्ता चालू राहतो.

हे सांगायला त्यांना 40 मिनिटं लागली. मला ती 40 मिनिटं इंटर्नशिपच्या पहिल्या आठवड्यात हवी होती. राज्य शाखेनं प्रत्येक मेडिकल कॉलेजात इंटर्नसाठी असं एक सत्र घ्यावं, आणि सीएमईत वर्षातून एक तास यासाठी ठेवावा. वक्ता असा हवा जो काहीच विकत नाही: निवृत्त बँक अधिकारी, फी घेऊन सल्ला देणारा नोंदणीकृत सल्लागार, किंवा ज्यानं स्वतः हे भोगलंय असा आपल्यातलाच डॉक्टर. सभासद गेला तर बाकीच्यांनी वर्गणी काढून त्याच्या घरच्यांना रक्कम द्यायची, अशी सामाजिक सुरक्षा योजना आपल्या संघटनेत आहेच. ती ज्यांनी उभी केली त्यांना हे सत्र उभं करणं अवघड नाही.

एक गोष्ट मनात खूप दिवस आहे, ती लिहून टाकते. 2017 मध्ये राज्यात कट प्रॅक्टिसविरुद्ध, म्हणजे पेशंट पाठवण्याबद्दल कमिशन देण्या-घेण्याविरुद्ध, कायद्याचा मसुदा तयार झाला. तेव्हा आपल्या व्यवसायाच्या नीतीवर खूप बोललं गेलं. मी तेव्हा दोन कर्जांच्या हप्त्यांखाली होते. मला कुणी पाकीट दिलं नाही, मी घेतलं नाही. पण नको असलेली केस नाकारताना, अपुऱ्या सोयींच्या ओटीत 'इथे भूल देणार नाही' असं म्हणताना, माझ्या डोळ्यांसमोर पाच तारखेचा हप्ता यायचा. मी नाही म्हणायचे, आणि मग त्या हॉस्पिटलचा फोन दोन-दोन महिने यायचा नाही. ज्याच्या गाठीला सहा महिन्यांचा पैसा आहे तो डॉक्टर हे सहज म्हणू शकतो. पेशंटच्या सुरक्षिततेशी या सगळ्याचा संबंध आहे, म्हणून हा कुणा एकाचा घरगुती विषय नाही असं मला वाटतं.

आणि आता पुन्हा सरांकडे येते, कारण मुख्य मागणी तिथेच आहे.

सरांनी 1985 मध्ये तालुक्याच्या गावी 15 खाटांचं हॉस्पिटल बांधलं. खाली ओपीडी आणि ओटी, वर वॉर्ड, मागे घर. तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे जे मिळालं ते वास्तूत घातलं. एक्स-रे आला, मग सोनोग्राफी, मग लिफ्ट. पीएफ नाही, पेन्शन नाही, शेअर बाजाराला ते जुगार समजत आले. मुलगा ऑस्ट्रेलियात आहे, परत येणार नाही. सरांची सगळी निवृत्ती त्या इमारतीत आहे, आणि इमारतीतून महिन्याचा खर्च निघत नाही, ती चालवावी लागते. म्हणून सर 73व्या वर्षी ओटीत उभे राहतात. विकायची म्हटली तर घेणारा बिल्डर आहे, तो हॉस्पिटल पाडून दुकानं काढणार. त्या गावात रात्री सिझर करणारं दुसरं ठिकाण 30 किलोमीटरवर आहे.

तीन वर्षांपूर्वी सर मला आणि एका तरुण सर्जनला म्हणाले होते, "तुम्ही दोघं घ्या हे." आम्ही दोघांनी त्या रात्री कागद-पेन्सिल घेऊन हिशेब केला. त्या सर्जनच्या डोक्यावर 35 लाखांचं कर्ज, माझे हप्ते अजून बाकी. आणखी दीड-दोन कोटींचं कर्ज आम्हाला कोण देणार, आणि दिलं तरी फेडणार कधी? आम्ही नाही म्हणालो. सर हसून "बरं" म्हणाले. तो सर्जन आता पुण्यात एका कॉर्पोरेट हॉस्पिटलात आहे, प्रोफेशनल फीवर.

आपल्या शाखेत एका खुर्चीवर थांबू न शकणारे सर बसतात आणि शेजारच्या खुर्चीवर सुरू करू न शकणारी मी. दोघांची अडचण एकाच इमारतीपाशी येऊन अडते, आणि आजवर एकाही बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर हा विषय आलेला मी पाहिलेला नाही. सरांना एकरकमी दोन कोटी नकोच आहेत. त्यांना दर महिन्याला खात्रीचे पैसे हवेत आणि गुडघ्यांना विश्रांती. मला एकरकमी देता येणार नाही, पण आठ-दहा वर्षं दर महिन्याला देता येईल. पहिली दोन वर्षं सरांनी ओपीडी बघावी, ऑपरेशन तरुण सर्जननं करावीत, उत्पन्नातला ठरलेला वाटा सरांना जावा, दरवर्षी मालकीचा एक-एक हिस्सा हस्तांतरित व्हावा. दुकानं, पेट्रोल पंप, द्राक्षबागासुद्धा लोक असे भागीदारीनं एकमेकांच्या हाती सोपवतात. आपल्याकडे मात्र यासाठी एक नमुना करारनामाही नाही. नोंदणीचं काय, यंत्रांची किंमत कशी धरायची, जुन्या केसची कायदेशीर जबाबदारी कुणाची, मध्येच कुणाला काही झालं तर काय, हे प्रत्येक जण वकिलाकडे जाऊन पहिल्यापासून शोधतो आणि मध्येच सोडून देतो.

हा नमुना करारनामा राज्य शाखेनं तयार करावा, एक वकील आणि एक सीए नेमून. आणि एक यादी ठेवावी: कोणत्या तालुक्यात कोणत्या ज्येष्ठांना हॉस्पिटल सोपवायचं आहे, आणि कोणते तरुण डॉक्टर तिथे जायला तयार आहेत. विदर्भात, मराठवाड्यात, कोकणात अशी कितीतरी हॉस्पिटलं असणार. बाकीच्या मागण्या मागे राहिल्या तरी चालतील, ही एक हाती घ्या.

मी गेल्या महिन्यापासून पीपीएफ आणि एनपीएस दोन्ही सुरू केलंय. वडिलांना सांगितलं तेव्हा त्यांनी खात्याचा नंबर वहीत लिहून घेतला, कशासाठी ते विचारलं तर काही बोलले नाहीत. घराच्या उताऱ्यावरचा बोजा उतरलाय. नवा उतारा आईनं पुन्हा देवघरातच ठेवला आहे.

आमच्या शाखेच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि राज्य शाखेतून कुणीतरी जबाबदार पदाधिकारी यावं, अशी विनंती आहे. मी माझ्या दोन्ही कर्जखात्यांची स्टेटमेंट आणि ते वहीचं पान घेऊन येईन. सर हॉस्पिटलचे कागद घेऊन येतो म्हणालेत. बैठक दुपारनंतर ठेवावी, सकाळी आम्हा दोघांचीही ऑपरेशनांची लिस्ट असते.

आपली नम्र,
सांगली जिल्ह्यातली एक भूलतज्ज्ञ